पेडलवरचा पाय

आई, तुझ्या क्लासच्या गाडीचा क्लच शेवटी शेवटी दर चार-पाच महिन्यांनी का जात होता, ते मी तुला कधी सांगितलं नाही. तू विचारलं होतंस. दोनदा विचारलंस, आणि दोन्ही वेळा मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तुला जाऊन बारा वर्षं झाली, ती गाडीही कधीच भंगारात गेली, त्यामुळे आता सांगून कुणाचं काही भलं होणार नाही हे मला कळतं. पण गेल्या महिन्यात गॅरेजमध्ये एक गाडी आली आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. आज रविवार आहे. शटर अर्धं ओढून मी एकटाच टेबलाशी बसलोय. दमलोय म्हण. गाडीखाली आडवं पडून गिअरबॉक्स उतरवायचं काम आता मी करत नाही, छपन्नाव्या वर्षी ते होतही नाही, तरी संध्याकाळी खुर्चीतून उठायचं जिवावर येतं. हल्ली येणाऱ्या निम्म्या गाड्यांना क्लचचं पेडलच नसतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, बरं झालं, लोकांचा डावा पाय एकदाचा रिटायर झाला.

क्लच म्हणजे काय, हे मला आयटीआयमध्ये कळलं नाही, तुझ्या स्वयंपाकघरात कळलं. बाबा गेले तेव्हा मी नववीत होतो. तू वर्षाच्या आत गाडी शिकलीस, दोन वर्षं दुसऱ्याच्या क्लासमध्ये शिकवलंस आणि मग एक जुनी पांढरी गाडी घेऊन फक्त बायकांसाठी स्वतःचा क्लास काढलास. काकांनी येऊन बरंच ऐकवलं होतं. तू त्यांना चहा दिलास आणि काकूंना पाठवून द्या म्हणालीस, फी घेणार नाही. सदाशिव पेठेतल्या आपल्या फ्लॅटची बाहेरची खोली ऑफिस झाली. नव्या आलेल्या बायकांना तू पहिल्या दिवशी गाडीत बसवायचीच नाहीस. त्यांना ओट्याशी उभं करायचीस, स्टीलच्या दोन ताटल्या घ्यायचीस आणि त्यांचे तळ एकमेकांना टेकवायचीस. ही इंजिनाची, ही चाकांची. इंजिनाची ताटली फिरतच असते. दोन्ही घट्ट दाबलेल्या असल्या की चाकांची पण फिरते, गाडी चालते. पेडल दाबलं की ताटल्या सुटतात. पेडल सोडलं की पुन्हा चिकटतात. आणि अर्धवट ठेवलं तर? असं विचारून तू त्या ताटल्या एकमेकींवर अशा घासायचीस की बायका कानांवर हात ठेवायच्या. हा आवाज गाडीत ऐकू येत नाही, म्हणून इथे ऐकवला, असं तू शांतपणे सांगायचीस आणि ताटल्या विसळून ठेवायचीस. मी आतल्या खोलीतून हे किती वेळा ऐकलं असेल, त्याला गणती नाही.

दुसरं एक वाक्य तुझं ठरलेलं होतं. नवशिक्या बाईने गिअर टाकून झाल्यावरही डावा पाय क्लचवर तसाच ठेवला की तू म्हणायचीस, "पाय ठेवायला ते पायपुसणं नाही." आवाज न चढवता. त्या बायका आयुष्यभर विसरल्या नाहीत. अजूनही कुणीतरी गॅरेजमध्ये येते, केस पांढरे झालेले असतात, आणि मी तुझा मुलगा हे कळलं की आधी ते वाक्य म्हणून दाखवते. तुझ्या बाजूला, म्हणजे डावीकडच्या सीटसमोर, क्लच आणि ब्रेकची दोन जादा पेडलं होती, डॅशबोर्डखालून लोखंडी दांडीने शिकणारीच्या पेडलांना जोडलेली. शिकणारी घाबरली की तू तुझ्या पायाने गाडी सांभाळायचीस. दिवसभर तुझा पाय त्या पेडलच्या दोन बोटं वर, अधांतरी. टेकलेला कधीच नसायचा. सहा-सहा तास. मी एकदा म्हणालो की पोटरी भरून येत असेल, तर तू म्हणालीस की येते, पण माझा पाय टेकला तर तिला गाडी खोटी कळेल. मी बिबवेवाडीत गॅरेज टाकलं तेव्हा तू मला पान्यांचा मोठा संच आणून दिलास आणि सांगितलंस की माझी गाडी तूच बघायची, आणि रांगेत बघायची, आईची म्हणून आधी नाही.

शिकाऊ गाडीचा क्लच लवकर जातोच. पण तुझ्या गाडीची क्लच प्लेट दोन-दोन वर्षं टिकायची. इतर क्लासवाले मला विचारायचे, तुमच्या मातोश्री गाडी ढकलत शिकवतात का. त्यामुळे पहिल्यांदा प्लेट जळाली तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही. तू स्वारगेटच्या कोपऱ्यावरून फोन केलास. जळका वास येतोय, ॲक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही, तुझ्या काकांसारखं. मी गाडी ओढून आणली, प्लेट बदलली. आदल्या आठवड्यात एका बाईने कात्रजच्या चढावर पाऊण तास गाडी अर्ध्या क्लचवर धरून ठेवली होती असं तूच सांगितलंस, तेव्हा तिच्यावर ढकलून मोकळा झालो. पाच महिन्यांनी पुन्हा तेच. या वेळी मी इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल गळतंय का बघितलं, कारण प्लेटला तेल लागलं तरी ती घसरते. सील कोरडं ठाक. मग केबल बघितली. केबल जास्त ताणलेली असेल तर कुणी पाय न लावताच पेडल थोडं दाबल्यासारखं राहतं. केबल किंचित ताठ वाटली, म्हणजे मी तसं मानून घेतलं, आणि ती सैल करून दिली. तू विचारलंस की नक्की तेच होतं ना. मी म्हणालो, शंभर टक्के.

तिसऱ्यांदा चारच महिन्यांत. तेव्हा मात्र मी गिअरबॉक्स उतरवून सगळं बाकावर मांडून बसलो. अर्ध्या क्लचवर गाडी धरणाऱ्या माणसाची प्लेट ओळखू येते. ती जळते, फ्लायव्हीलवर, म्हणजे तुझ्या त्या इंजिनाच्या ताटलीवर, निळे-काळे डाग पडतात. इथे डाग जवळजवळ नव्हतेच. प्लेट सगळीकडून सारखी, हळूहळू, साबणासारखी झिजली होती. आणि पेडल दाबलं की पुढे सरकून क्लच सोडवणारं जे बेअरिंग असतं, ते बोटाने फिरवलं तर वाळूत फिरल्यासारखं करकरत होतं. ते बेअरिंग पेडल दाबल्यावरच कामाला लागतं. ते इतकं खलास झालं होतं, म्हणजे गाडी चालू असताना पूर्ण वेळ त्याच्यावर थोडा भार होता. पूर्ण वेळ. एकीचा नव्हे, दुसरीचा नव्हे, दर तासाला नवी बाई बसते त्या गाडीत. पूर्ण वेळ बसणारं माणूस एकच होतं.

तू संध्याकाळी आलीस तेव्हा बरोबर तुझ्या दोन विद्यार्थिनी होत्या, एक शाळेत शिकवणारी आणि एक तिची जाऊ. मी त्यांच्यासमोर तुला ते बेअरिंग दाखवलं. सांगितलं की आई, कुणीतरी सतत पाय ठेवतंय. तू म्हणालीस, मी बघते ना, मी कुणाला ठेवू देत नाही. मी म्हणालो, त्यांचा नाही म्हणत मी. तुला समजायला क्षणभर लागलं. मग तू म्हणालीस, "माझा पाय पेडलवर नसतो. पंचवीस वर्षं नव्हता, आता कशाला ठेवीन?" आणि मी, दिवसभराचा वैतागलेला, हात ग्रीसने माखलेले, तुझंच वाक्य तुला ऐकवलं. पाय ठेवायला ते पायपुसणं नाही, आई. त्या दोघी हसल्या. त्यांना वाटलं मायलेकांची थट्टा चाललीय. तू हसली नाहीस. पर्स उचललीस आणि म्हणालीस, "उद्या सकाळी मागे बस आणि बघ."

ती सकाळ मला क्षण न् क्षण आठवते. मे महिना आहे. गाडी मी पहाटेच जोडून ठेवलीय. ती शाळेतली बाई चालवतेय, तू तिच्या डावीकडे, मी मागच्या सीटवर उजवीकडे सरकून बसलोय, म्हणजे मला तुझा पाय तिरका दिसेल. निघताना तुझा पाय बरोबर दोन बोटं वर आहे. मला वाटलं, चला, आपण चुकलो, माफी मागावी लागणार. पर्वतीच्या पायथ्याशी पोचेपर्यंत तो पाय हळूच खाली आला. टेकला. मग त्याचं वजन पेडलवर पडलं. पेडल अर्धा इंच खाली गेलेलं मला मागून दिसत होतं. तू समोर रस्त्याकडे बघत होतीस आणि त्या बाईला सांगत होतीस, क्लचवरून पाय काढ, पूर्ण काढ, बाजूला ठेव. तिने काढला. तुझा तिथेच. तू खोटं बोलत नव्हतीस, आई. तुझा पाय तुझ्या मते अजूनही वरच होता.

बिबवेवाडीच्या चढाच्या अलीकडे तू गाडी थांबवायला सांगितलीस, रसवंतीपाशी. सगळे उतरलो. तू पुढे चालत गेलीस, डांबर तापलेलं होतं, आणि तुझ्या डाव्या पायात चप्पल नव्हती. ती गाडीतच राहिली होती, पेडलखाली. तू पाच-सहा पावलं गेलीस, तीन ग्लास सांगितलेस, एक बिनबर्फाचा. ती बाई म्हणाली, मॅडम, तुमची चप्पल. तू खाली बघितलंस. परक्याच्या पायाकडे बघावं तशी तू त्या पायाकडे बघत होतीस. मग म्हणालीस की पट्टा सैल झालाय, बदलून घ्यायला हवा. मी चप्पल आणून दिली. ती पायात सरकवताना तू माझ्या खांद्याला धरलं होतंस आणि तिथे तू मला विचारलंस, हळू, त्या बाईला ऐकू जाणार नाही असं. "बघितलंस ना? होता माझा पाय पेडलवर?"

मी म्हणालो, "नव्हता."

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या बाजूचं क्लचचं पेडल काढून टाकलं. ब्रेक ठेवला. तुला सांगितलं की जोडणारी दांडी वाकून अडकत होती, तीच क्लच ओढत होती, आणि तसली दांडी आता मिळत नाही. तू ब्रेकवर शिकवायला लागलीस. क्लच टिकला. वर्षअखेरपर्यंत त्याला काही झालं नाही आणि तू दिसेल त्याला सांगत सुटलीस की एवढा मोठा मेकॅनिक, तीन प्लेटा बदलल्या, आईवर आळ घेतला आणि शेवटी दोष निघाला एका दांडीचा. मी मान डोलवायचो. तुझी साखर वाढलेली असायची हे घरात सगळ्यांना माहीत होतं. गोळ्या तू आठवतील तेव्हा घ्यायचीस. पायाचं नाव कुणीच काढलं नाही. तुला तो कळत नव्हता, आणि मला जे कळलं होतं ते मी काढलेल्या पेडलाबरोबर कोपऱ्यात टाकून दिलं होतं.

डिसेंबरात तुझे पाय गार पडतात म्हणून तू गरम पाण्याची पिशवी घ्यायला लागलीस. एका सकाळी तळव्यावर हाताएवढा फोड होता. दुखत नाही म्हणालीस, आणि दुखत नाही म्हणून आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं. तीन आठवडे मलम लावलं. मग बोटं काळी पडली. दवाखान्यात डॉक्टरांनी तळव्याला टाचणी लावली तेव्हा तू त्यांच्याशी त्यांच्या गाडीबद्दल बोलत होतीस, ते काय करताहेत हे तुझ्या गावीही नव्हतं. बाहेर येऊन त्यांनी मला विचारलं, आधी काहीच लक्षात आलं नाही का, चप्पल निसटणं, पाय भलतीकडे पडणं. बायको शेजारी उभी होती. मी म्हणालो, नाही, असं काही नाही दिसलं. आधी दोन बोटं गेली, मग घोट्यापासून पाऊल. पट्टी सोडवायला येणाऱ्या नर्सला तू विचारलंस की गाडी शिकायचीय का, आता मला एकच पाय लागतो. त्याच आठवड्यात तू मला दुसऱ्यांदा विचारलंस. मी खुर्चीत पेपर वाचत होतो. खरं सांग, त्या दिवशी पाय होता का रे पेडलवर? मी म्हणालो, आता काय करायचंय ते. मग पेपरमधलं कोडं मागितलंस. श्रावणात तू गेलीस. त्यानंतर विचारायला कुणी नव्हतं.

तर गेल्या महिन्याची गाडी. सदाशिव पेठेतलेच एक गृहस्थ, सत्तरीचे, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. वर्षात तिसरा क्लच. दोन गॅरेज फिरून आलेले. बरोबर मुलगी, तिला ऑफिसला जायची घाई. गृहस्थांनी आल्या आल्या सांगितलं की आधीच्या दोघांनी निकृष्ट सामान घातलं, तुम्ही काय घालणार तेवढं सांगा. मी जुनी प्लेट आणि बेअरिंग डिकीत आहे का विचारलं. होतं. प्लेट सगळीकडून सारखी झिजलेली. बेअरिंग फिरवलं. करकरलं. मी बराच वेळ ते हातात धरून उभा राहिलो, इतका की मुलीने विचारलं, काका, एनी प्रॉब्लेम? मी म्हणालो, जरा एक चक्कर मारू, तुम्ही चालवा. ते चालवत होते, मी बाजूला. परत येऊन त्यांना खुर्चीत बसवलं आणि डावा बूट, मोजा काढायला सांगितला. त्यांनी कशासाठी असं विचारलं, पण काढला. डोळे मिटायला सांगितले. मी पेनाचं टोपण त्यांच्या अंगठ्याला लावलं आणि म्हणालो, मी हात लावला की सांगा.

"लावा की," ते म्हणाले.

"लावलाय," मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले. मुलगी जवळ आली होती, तिनेही बघितलं होतं. मग त्यांनी मोजा चढवला, सावकाश, बूट घातला, नाडी बांधली आणि उठून मला सांगितलं की आपण क्लचचं बघावं, पायाचं माझं मी बघेन. गाडीही ठेवली नाही. तशीच घेऊन गेले. या वेळी मुलीने चावी मागून घेतली होती, एवढं मी बघितलं. आठ दिवसांनी तिचा फोन आला. साखर बेसुमार वाढलेली निघाली, घोट्यापर्यंत संवेदना नाही, पण जखम नाही, पाय वाचेल म्हणाले डॉक्टर. बाबा तुमच्यावर चिडलेत, गाडी दुसरीकडे टाकलीय, आणि मी फोन केल्याचं त्यांना कळता कामा नये, असंही तिने सांगितलं. मग विचारलं, तुम्हाला कसं कळलं? मी म्हणालो, अनुभवाने. तिने थँक्यू म्हणून फोन ठेवला.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा घरी सगळं सांगितलं. पेडल, रसवंती, तू विचारलेलं आणि मी नव्हता म्हणालेलं. बायको ऐकत होती, भाजी निवडायची थांबली. मला वाटलं ती रागावेल, निदान डॉक्टरांशी खोटं बोललो म्हणून तरी. ती म्हणाली, तुम्ही त्यांचं मन राखलंत, त्यांचा क्लास म्हणजे त्यांचा जीव होता, कुठल्या मुलाला सांगवलं असतं. तिचे डोळे भरून आले होते. मी तिला तसं वाटू दिलं. गेला महिनाभर मी स्वतःलाही तेच वाटू द्यायचा प्रयत्न करतोय, आणि म्हणून हे तुला लिहायला बसलो, कारण तुझ्यापुढे ते टिकणार नाही. पाकिटावर घालायला पत्ता नाही. कागद इथेच खणात राहील, आणि एवढं खरं लिहिलेलं कुणाच्या हाती लागू नये असंही मला वाटतं.

आई, मन राखायचं माझ्या मनातही नव्हतं. होता म्हणालो असतो तर तू तिथेच उभं राहून दहा प्रश्न विचारले असतेस, मग डॉक्टर, मग क्लासचं काय, आणि तो सबंध दिवस गेला असता. गॅरेजवर एका गाडीचं इंजिन खोललेलं होतं आणि चार वाजता ती द्यायची मी कबूल केली होती. तू माझ्या खांद्याला धरून विचारत होतीस तेव्हा मी घड्याळ बघत होतो.